हतनूर: पाटाच्या पाण्याचं मूळ गाव

आमचं शेत जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, हतनूर धरणाच्या कालव्याखाली. आबांनी चाळीस वर्षं या कालव्याच्या पाण्यावर केळी काढली. दरवर्षी पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरला, पाणीपट्टी भरली, रात्री-बेरात्री बॅटरी घेऊन चारीवर गेले. पण ते पाणी निघतं कुठून, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. गौरी-गणपतीला माहेरी आले होते, तेव्हा बोलता बोलता हे कळलं आणि मला चुटपुट लागून राहिली. जेमतेम दीड तासाचा रस्ता. विसर्जन झाल्यावरच्या रविवारी दादाने गाडी काढली. आबा, दादा, आठवीतला भाचा आणि मी, असे चौघं निघालो.

जाण्याआधीची एक गोष्ट अगोदर सांगते, कारण हतनूरला जाणारे बहुतेक लोक इथेच चुकतात. आपल्या गावात पाऊस झाला की धरणाचे दरवाजे उघडले असतील, असं समजून ते निघतात. हतनूर धरण तापीवर आहे, पण तापी-पूर्णेचा संगम धरणाच्या थोडा वर आहे. म्हणजे एकाच भिंतीला दोन नद्यांचं पाणी येऊन टेकतं. तापी येते मध्य प्रदेशातल्या मुलताईहून, बऱ्हाणपूरला वळसा घालून. पूर्णा येते अकोला-बुलढाण्याकडून, वऱ्हाडातून. त्यामुळे जळगाव जिल्ह्यात कडक ऊन असताना हतनूरचे वीस दरवाजे उघडलेले असू शकतात, आणि आपल्याकडे धो धो पडत असताना दोनच. तेव्हा पाहायचा तो बऱ्हाणपूर, बैतूल आणि अकोल्याचा पाऊस. तिकडे जोराचा झाला की एक-दोन दिवसांत इकडे विसर्ग वाढतो. जिल्ह्याच्या बातम्यांत रोज येतं, ४१ पैकी किती दरवाजे किती उघडले. ते वाचूनच निघा.

आम्ही निघालो त्या दिवशी आमच्याकडे आभाळ स्वच्छ होतं, पण बऱ्हाणपूरकडे दोन दिवस झड लागलेली होती. सकाळी साडेसहाला घर सोडलं. भुसावळला तापीच्या पुलावर दादाने गाडी हळू केली. खाली नदी गढूळ, दोन्ही काठांना भिडलेली. आबा काचेतून वाकून बघत होते. म्हणाले, "हे वरून सोडेल पानी हाये." पाणी बघूनच त्यांनी ओळखलं. पुढे कळलं की खरंच होतं.

भुसावळ ओलांडून मुक्ताईनगरकडे जाणारा महामार्ग धरायचा. हा पूर्वीचा सहा नंबर, आता त्रेपन्न. उजवी-डावीकडे बघत राहिलात तर दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी लांबून दिसतात. पुढे वरणगाव लागतं. पेट्रोल, नाश्ता, पिण्याचं पाणी, जे काही घ्यायचं ते भुसावळ नाहीतर वरणगावात घ्या. वरणगावहून डावीकडे हतनूरचा रस्ता वळतो, तिथून पुढे दुकानांवर भिस्त ठेवू नका. आम्ही घरून कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती, तिचा फार उपयोग झाला.

हा फाट्यानंतरचा रस्ता अरुंद आहे, आणि दोन्ही बाजूंना काळी माती. आमची चूक इथे झाली. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून दादाने डावी दोन चाकं डांबराखाली उतरवली. दिसायला जमीन वरून सुकलेली, आत पार चिखल. चाक तिथल्या तिथे फिरायला लागलं आणि पाऊण फूट खाली गेलं. त्याच ट्रॅक्टरवाल्या भाऊने मागे येऊन दोर बांधला, गाडी ओढून काढली, आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. "पावणे हायेत तुम्ही," एवढंच म्हणाला. पावसाळ्यात जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: समोरून वाहन आलं तर आपणच मागे घ्या, पण डांबर सोडू नका. गाडीत एक मजबूत दोर टाकून ठेवा.

आवाज आधी येतो. धरण दिसायच्या आधी गाडीच्या काचा बंद असतानाही एक घुमणारा आवाज कानात भरायला लागतो. भाच्याला वाटलं रेल्वे आहे. मग वळण घेतलं आणि समोर धरणाची लांबच लांब रेष दिसली. धरणाची लांबी सुमारे अडीच किलोमीटर आहे. त्यातला बराच भाग मातीचा बांध, आणि नदीच्या मूळ पात्रावर दरवाजांची रांग. उंचीच्या मानाने हे धरण मोठं नाही, २५ मीटरच्या आसपास. डोंगरातली धरणं पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा "एवढंच?" वाटेल. पण इथे पाहायची ती उंची नाही, रुंदी आहे. एका रांगेत ४१ वक्र दरवाजे. त्या दिवशी त्यातले आठ उघडे होते.

दरवाजा कसा चालतो हे आबांना समजून घ्यायचं होतं. बैलगाडीच्या चाकाचा एक तुकडा उभा कापून नदीत लावला आहे, असं समजा. बाहेरची धाव म्हणजे पाणी अडवणारा पोलादी पत्रा, आणि आरे म्हणजे त्याला धरणारे दोन हात. हे हात मागे एका खिळीवर फिरतात. पाण्याचा सगळा रेटा त्या गोलाईमुळे खिळीकडेच जातो, म्हणून एवढा अवजड दरवाजा वरच्या यंत्राला तारेच्या दोरांनी उचलता येतो. दरवाजा पूर्ण वर जात नाही तोवर पाणी त्याच्या खालून निघतं. म्हणूनच ते वरून पडणाऱ्या धबधब्यासारखं दिसत नाही. जमिनीलगत सुटलेल्या पांढऱ्या पट्ट्यासारखं येतं, पुढे आपटतं आणि मग उसळतं. शंभर-दीडशे पावलांवर उभं राहूनही आमचे चेहरे ओले झाले होते. त्या तुषारांना पाण्याचा वास नव्हता, ओल्या मातीचा होता. भाच्याच्या पांढऱ्या शर्टावर बारीक बारीक तांबूस-काळे ठिपके पडले. वऱ्हाडची माती, आबा बोटाने चोळून म्हणाले.

हा गाळ हीच हतनूरची मोठी अडचण आहे. १९८२ साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण ३८८ दशलक्ष घनमीटर धरली होती. जायकवाडीच्या सातव्या हिश्शापेक्षाही थोडी कमी. दोन मोठ्या नद्यांपुढे हे भांडं आधीच लहान, त्यात दरवर्षी गाळ बसत जातो. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी अडवून ठेवत नाहीत, गढूळ पाणी पुढे जाऊ देतात, आणि पाऊस ओसरायला लागला की पातळी हळूहळू २१४ मीटरपर्यंत नेतात. समुद्रसपाटीपासूनचे हे मीटर. ज्याला नुसतं पाणी सुटलेलं बघायचं आहे त्याने जुलै-ऑगस्टमध्ये यावं. दरवाजेही बघायचे आणि मागे भरलेला तलावही बघायचा असेल तर सप्टेंबर बरा.

आबा मात्र बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "येवढं पानी चाललं, अन् आपल्या केयीले पाळी भेटता भेटत नाई." मला उत्तर सुचेना. मी क्युसेकचा हिशेब सांगितला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. बातमीत दहा हजार क्युसेक आलं की सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दर सेकंदाला अठ्ठावीस टँकर. आबांनी हे ऐकलं, पाण्याकडे बघितलं, आणि तोंडातल्या तोंडात मोजायला लागले. हे पाणी पुढे सारंगखेडा, प्रकाशा करत गुजरातेत उकाईला जातं. साठवायला जागा असेल तेवढंच आपलं. हे मी शाळेत मुलांना शिकवते, पण त्या आवाजात वडिलांशेजारी उभं राहून सांगताना घसा दाटून आला.

काही गोष्टी कडकपणे पाळा. दरवाजांच्या खालच्या बाजूला पात्रातल्या खडकांवर अजिबात उतरू नका. आणखी दरवाजे उघडायचे असले की भोंगा वाजवतात, पण पाण्याच्या आवाजात तो ऐकू येईलच असं नाही, आणि पाणी मिनिटांत चढतं. आम्ही होतो तेव्हाही दोन तरुण सेल्फीसाठी उतरायच्या बेतात होते, आबांनीच त्यांना हाक मारून वर बोलावलं. धरण हा बंदोबस्तातला भाग आहे. कुठे जायचं, कुठे फोटो काढायचे नाहीत, याचे फलक असतात, ते वाचा आणि पहारेकऱ्याचं ऐका. ड्रोन घरीच ठेवा. तलावात पोहायला उतरू नका, शांत दिसतो पण तळाला गाळ आहे आणि गाळात पाय रुततो. लहान मुलांचा हात सोडू नका. सावली फारशी नाही, टोपी हवीच. उन्हाळ्यात तर येऊच नका. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि बघायला उघड्या दगडांशिवाय काही नसतं.

साडेनऊला तिथून निघालो आणि महामार्गावर येऊन मुक्ताईनगर गाठलं. जुनं नाव एदलाबाद, आबा अजून तेच म्हणतात. कोथळीला मुक्ताबाईंचं जुनं मंदिर आहे. आषाढीसाठी इथून निघणारी पालखी महिनाभर चालून पंढरपूरला पोचते. रविवार असूनही सकाळी गर्दी नव्हती. दर्शन झालं, मंडपात बसून भाकरी सोडली. एका आजीबाईंनी आबांना गाव विचारलं, आणि दोन मिनिटांत कुठलं तरी नातं निघालं. खान्देशात हे व्हायचंच.

तिथून चांगदेव. हे मात्र चुकवू नका, धरण पाहून परत फिरलात तर अर्धीच सहल झाली. संगमाकाठचं काळ्या दगडातलं हेमाडपंती मंदिर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. भिंतींवरचं कोरीवकाम जवळून बघा. माझा हात एका वेलबुट्टीवर गेला तर आबांनी लगेच मागे घ्यायला लावला. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडलं आणि शेवटी लहानग्या मुक्ताईला गुरू केलं, ही गोष्ट भाच्याला आबांनी तिथेच पायरीवर बसून सांगितली. माघात महाशिवरात्रीपर्यंत कोथळी आणि चांगदेवला मोठी यात्रा असते. यात्रा बघायची असेल तर तेव्हा या, निवांत बघायचं असेल तर ते दिवस टाळा.

मंदिरापलीकडे पाणीच पाणी. धरणाची खालची बाजू जेवढी आवाजाची, तेवढी ही वरची बाजू शांत. एक भोई दादा काठावर जाळं झटकत होते. त्यांनी सांगितलं की थंडीत इथे पाखरं उतरतात, चक्रवाक, तलवार बदकं, वारकऱ्यांचे थवे. वारकरी म्हणजे काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षी. मुक्ताईच्या दारात वारकरी, हे ऐकून आबा खूश झाले. पक्षी बघायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी, सूर्य उगवायच्या सुमारास पोचा आणि दुर्बीण आणा. होडीत बसायचं झालं तर अंगात घालायचं जाकीट असेल तरच बसा, आणि दरवाजे उघडे असताना मुळीच नको.

दुपारी साडेबाराला परतीला लागलो. भुसावळात शेवभाजी खाल्ली, तिखट सोसत नसेल तर रस्सा वेगळा मागा. केळीचे वेफर्स समोर तळून देणाऱ्याकडूनच घ्या, गरम कागदात बांधून मिळतात. पेट्रोल, जेवण, सगळं धरून चौघांचा खर्च दीड हजाराच्या आत आला.

गावाकडे वळण्याआधी रस्ता कालवा ओलांडतो. आबांनी गाडी थांबवायला सांगितली. कालव्यात पाणी होतं, गुडघाभर, संथ, जवळजवळ न हलणारं. ते कठड्याला धरून उभे राहिले. मग वाकून बांधावरची एक काडी उचलली, पाण्यात टाकली आणि ती आमच्या शिवाराकडे जाताना दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. "तिथून इथपर्यंत येते माय ते," म्हणाले, आणि गाडीत येऊन बसले.