वैनी, ही गोळी दुधाबरोबर चालेल का?

चिपळूणच्या बाजारात आमचं मेडिकल आहे. मी बी.फार्म. होऊन, लग्न करून इथे आले त्याला चोवीस वर्षं झाली. ऑर्डरी, बिलं, एजन्सीवाले हे सगळं नवरा बघतो. गिऱ्हाईक माझ्याकडे.

डॉक्टरांसमोर माणसं गप्प बसतात. "समजलं ना?" म्हटलं की मान हलवतात, चिठ्ठी घेतात, दवाखान्याच्या पायऱ्या उतरतात आणि पोटातले सगळे प्रश्न माझ्या काउंटरवर येऊन ओततात. ही गोळी गरम पडेल का? दुधाबरोबर चालेल का? उपासाला? बरं वाटलं तर बंद करू ना? कुठला रोग आणि कुठलं औषध हे ठरवणं माझं काम नाही, ते मी करतही नाही. पण औषध घरी गेल्यावर त्याचं काय होतं, हे मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं असं आता वाटायला लागलंय.

थायरॉईडचंच बघा. आमच्या आळीतल्या एक काकी. पंचवीसची गोळी होती, मग पन्नास झाली, मग पंचाहत्तर, आणि रिपोर्ट काही खाली येईना. त्या दिवशी शंभरची चिठ्ठी घेऊन आल्या. मी सहज विचारलं, "काकी, रिकाम्या पोटी घेता ना?"

"म्हणजे काय! उठल्या उठल्या. चहाबरोबर."

"चहाबरोबर म्हणजे पोट रिकामं कुठे राहिलं?"

"चहा काय खाणं आहे का, वैनी?"

यावर काय बोलणार? कोकणात चहा हे खाणं नाहीच. पण गोळीला ते कळत नाही. ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहासुद्धा नाही. वर काकी गुडघ्यांसाठीची कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात उरकत होत्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगाला लागतच नाही. त्यांना मी शंभरची गोळी दिली नाही, परत डॉक्टरांकडे पाठवलं. कारण घेण्याची पद्धत सुधारली की तोच डोस जास्तही होऊ शकतो. डॉक्टरांनी पंचाहत्तरच ठेवली आणि दोन महिन्यांनी रक्त तपासलं. रिपोर्ट जागेवर आला. काकी अजून माझ्यावर नाराज आहेत, सकाळचा पहिला चहा लांबला म्हणून.

दुसरी गोष्ट तान्ह्या मुलांच्या तापाची. इथे मला खरोखर भीती वाटते. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स असतात आणि सिरप असतं. बाटल्या जवळजवळ सारख्या दिसतात, वासही तोच. पण ड्रॉप्सच्या एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपच्या पाच एमएलमध्ये साधारण १२५, आणि डीएस, म्हणजे दुप्पट ताकदीचं, असं लिहिलेल्या सिरपच्या पाच एमएलमध्ये २५०. एक आजी नातवासाठी ड्रॉप्स घ्यायला आल्या. सिरप संपलं होतं आणि मुलगी फोनवर म्हणाली होती, "ते तापाचं आण." पैसे देता देता आजी म्हणाल्या, "हेपण पाच पाच एमएलच ना?" माझा हात गल्ल्यावरच थांबला. दहा किलोच्या पोराला एका वेळी शंभर ते दीडशे मिलिग्रॅम पुरतं, आजी पाचशे देणार होत्या. तेव्हापासून ड्रॉप्सची प्रत्येक बाटली देताना मी मुलाचं वजन विचारते आणि ड्रॉपरवर पेनाने रेघ मारून देते. वजन माहीत नसेल तर डॉक्टरांना फोन लावते. गिऱ्हाइकं वैतागतात, वैतागू देत. आणि घरातल्या चमच्याने औषध देऊ नका. चहाचा, पोह्यांचा, साखरेच्या डब्यातला, कुठलेही दोन चमचे एका मापाचे नसतात.

पाऊस सुरू झाला की दुकानात गजकर्णाचा मोसम. जांघेत, काखेत, कमरेला. लाजत लाजत येतात, कोपऱ्यात उभे राहतात, गर्दी ओसरली की हळूच म्हणतात, "ती ट्यूब द्या." ती ट्यूब कुठली हे मला पाठ आहे. गजकर्ण बुरशीमुळे होतं, म्हणून तिच्यात बुरशी मारणारं औषध असतं, सोबत स्टेरॉईड आणि बहुतेक वेळा एखादं अँटिबायोटिकही. स्टेरॉईडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. आत बुरशी मात्र आरामात पसरत असते. महिन्या-दोन महिन्यांनी तोच माणूस मांडीपासून पाठीपर्यंत भरून येतो, आणि गोल कडाच पुसून गेलेली असल्यामुळे डॉक्टरलाही चटकन ओळखता येत नाही. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मी देत नाही. शेजारच्या दुकानात जाऊन आणतात, ते मला दिसतं.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, एवढं सांगून मी थांबत नाही. आपल्याकडे जुलैत कपडे वाळतात कुठे? दमट चड्डी तशीच अंगावर चढते. आतल्या शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा, घरात आणखी कुणाला असेल तर सगळ्यांनी एकदमच उपचार घ्या. आणि डाग गेला की औषध बंद करू नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुतेकदा डाग गेल्यावर आणखी दोन आठवडे तरी, लावावं लागतं. एका रिक्षावाल्या दादाने हे सगळं केलं. तीन महिने लागले, पण गेलं.

आता दुधाचा प्रश्न. तो बहुतेक डॉक्सीच्या, म्हणजे डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या, वेळी येतो. लावणीच्या दिवसांत लेप्टोच्या, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाच्या, भीतीने आशाताई आठवड्याला एकदा घ्यायच्या गोळ्या वाटतात, त्या या. दुधाबरोबर नको, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या, आणि घेतल्या घेतल्या आडवे होऊ नका. घोटभर पाण्याने गिळून झोपलात तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी ती स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. आणि गोळी घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. चिखलातून आल्यावर काही दिवसांनी ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर माझ्याकडे तापाची गोळी मागायला येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारात शिरलं, तेव्हा आमचं दुकान छपरापर्यंत गेलं. फ्रिज तरंगत होता. सगळा माल टाकून द्यावा लागला. तिसऱ्या दिवशी चिखल उपसत असताना एक आजोबा आले. हातात इन्सुलिनची बाटली, डोळ्यांत पाणी. "लाइट नाही, फ्रिज नाही. हे वाया गेलं ना?" बाटली उघडलेली होती, स्वच्छ होती, पुराचं पाणी लागलेलं नव्हतं. वाया गेली नव्हती. वापरात असलेलं इन्सुलिन फ्रिजबाहेर, ऊन लागणार नाही अशा जागी, बहुतेक कंपन्यांचं चारेक आठवडे टिकतं. नेमके दिवस बाटलीच्या कागदावर असतात. फ्रिज लागतो तो न उघडलेल्या बाटल्यांना. त्यांनाही लाइट गेल्यावर डबीत घट्ट बंद करून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवता येतं. फ्रीजरमध्ये मात्र कधीच नाही, एकदा गोठलं की ते फेकायचंच. आजोबा तिथेच चिखलात उकिडवे बसले आणि म्हणाले, "हे मला आजवर कुणी सांगितलं नाही." त्या दिवशी आमच्याकडे विकायला काहीच नव्हतं.

जुलाबात द्यायची ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेची, पुडी एक लिटरची असेल तर एक लिटर पाण्यातच. पेलाभर पाण्यात अख्खी टाकायची नाही, आणि काटकसर म्हणून "थोडी थोडी"ही नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाका. रंगीत खोक्यांतली गोड पेयं वर्षानुवर्षं ओआरएस म्हणून खपली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी केली तेव्हा मी नवऱ्याला पेढे आणायला लावले. पुडी नसेल तर मीठ घातलेली तांदळाची पेज द्या, आपल्या आज्या काही चुकत नव्हत्या.

"बीपी नॉर्मल आलं, गोळी बंद केली." अहो, गोळीमुळेच नॉर्मल आलं. हे मी दिवसातून एकदा तरी म्हणते.

आणि आमचे एक निवृत्त मास्तर. डी व्हिटॅमिनची ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्याला एक घ्यायची असते. पाकिटात चार, म्हणजे महिन्याची बेगमी. मास्तर पाचव्या दिवशी रिकामं पाकीट घेऊन हजर. "फार छान वाटतंय, आणखी द्या." चार दिवसांत चार संपवल्या होत्या! असंच चालू राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, पुढे मूत्रपिंडावर येतं. डॉक्टरांनी तपासलं, नशिबाने काही झालेलं नव्हतं. नंतरचं पाकीट देताना मी त्यावर मोठ्या अक्षरांत "रविवार" असं लिहून दिलं.

आता दर रविवारी सकाळी आठला माझा फोन वाजतो.

"वैनी, आज रविवारच ना?"