संगणकाच्या नावात काय असावे आणि काय नसावे

कंपनीच्या नेटवर्कवरील संगणकांना नावे देण्याचा नियम ठरवायला बसले की पहिली सूचना बहुधा अशी येते, की नाव वाचताच यंत्राची सगळी माहिती कळली पाहिजे : विभाग, मजला, ऑपरेटिंग सिस्टीम, जमल्यास वापरणाऱ्याची आद्याक्षरेही. माझे मत नेमके याच्या उलट आहे. यंत्र खरेदी झाल्यापासून भंगारात निघेपर्यंत जे बदलणार नाही तेवढेच नावात असावे. बाकीच्या माहितीची जागा मालमत्तेच्या नोंदवहीत आहे.

समजा एका यंत्राचे नाव 'एसीसी-एफ३-डब्ल्यू७-०१२' आहे, म्हणजे लेखा विभाग, तिसरा मजला, विंडोज ७, क्रमांक बारा. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ ला मिळणारे सुरक्षा अपडेट सर्वसाधारणपणे थांबले, म्हणून त्यावर विंडोज १० चढवले. पुढे विभागाने मजला बदलला आणि यंत्र खरेदी विभागाकडे गेले. आता नावातला क्रमांक तेवढा खरा उरला. नाव बदलावे म्हटले तर बॅकअप, मॉनिटरिंग, फायरवॉलचे नियम, प्रमाणपत्रे आणि कोणीतरी कधीकाळी लिहिलेल्या स्क्रिप्ट, अशा सगळ्या ठिकाणी जुने नाव रुतून बसलेले असते, त्यामुळे ते तसेच राहते. काहीच न सांगणाऱ्या नावापेक्षा खोटे सांगणारे नाव अधिक घातक असते, कारण बिघाडाच्या वेळी घाईत असलेला माणूस त्यावर विश्वास ठेवून भलत्याच मजल्यावर जातो.

लांबीचा प्रश्नही आहेच. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत, नावाचा एक भाग (दोन टिंबांमधला) ६३ अक्षरांपर्यंत चालतो, पण विंडोजच्या जगात नेटबायोस या जुन्या नामपद्धतीची १५ अक्षरांची मर्यादा अजून पाठ सोडत नाही. सोळावा बाइट, म्हणजे सोळाव्या अक्षराची जागा, सेवेचा प्रकार दाखवण्यासाठी राखलेला असतो. 'फायनान्स-लॅपटॉप-०१' हे नाव रोमन लिपीत लिहिले तर १७ अक्षरे होतात, आणि पंधराव्या अक्षरावर कापले की नेमका क्रमांकच गळतो. मग ०१ आणि ०२ या दोन्ही लॅपटॉपचे नेटबायोस नाव एकच होते. म्हणून आखणी १५ अक्षरांतच करावी. अक्षरे, अंक आणि हायफन एवढेच वापरावे, अंडरस्कोर टाळावा. क्रमांक ०१०, ००२ असे शून्ये लावून लिहावेत, नाहीतर यादीत १० हा २ च्या आधी येतो.

ग्रह, नद्या, रंग यांची नावे देण्याची परंपरा जुनी आहे. डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या आरएफसी ११७८ या टिपणात (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीची क्रमांक दिलेली जाहीर टिपणे) अशा एका सूत्रात गुंफलेल्या नावांची शिफारस आहे, आणि यंत्राला स्वतःचे किंवा प्रकल्पाचे नाव देऊ नये असेही बजावले आहे. मोजक्या सर्व्हरसाठी मला ही पद्धत आजही मनापासून आवडते, कारण अशी नावे फोनवर सांगताना एकमेकांत मिसळत नाहीत. शेकडो लॅपटॉपसाठी मात्र यंत्रावर चिकटवलेला मालमत्ता क्रमांकच बरा. वापरणाऱ्याचे नाव तर लॅपटॉपला मुळीच देऊ नये. यंत्र हस्तांतरित होते हे एक कारण झाले. दुसरे असे, की अनोळखी वायफायला जोडताना लॅपटॉप अनेकदा आपले नाव स्वतःहून जाहीर करतो. आरएफसी ८११७ मध्ये २०१७ साली याच धोक्याकडे लक्ष वेधले आहे.

सर्व्हर काय काम करतो हे लोकांना कळायला हवेच, पण ते टोपणनावाने. यंत्राचे नाव कायम ठेवून 'पेरोल' हे नाव डीएनएसमधील सीनेम नोंदीने (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणाऱ्या नोंदीने) त्याकडे वळवावे. उद्या काम दुसऱ्या सर्व्हरवर हलवले तर एक नोंद बदलून भागते. (मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणारी एमएक्स नोंद मात्र सीनेमकडे वळवू नये, तिथे यंत्राचे खरे नावच द्यावे लागते.)

नवा नियम ठरला म्हणून जुनी यंत्रे सरसकट पुन्हा नावे देण्यासाठी हाती घेऊ नयेत. नवीन येणाऱ्या यंत्राला नवा नियम लावावा, जुने आपल्या नावानेच निवृत्त होऊ द्यावे, आणि ते नाव दुसऱ्या कोणाला देऊ नये, कारण लॉग आणि बॅकअपमध्ये ते पुढेही सापडत राहते.