बूट पार्टिशन भरले आणि अपग्रेड अर्ध्यावर थांबले

माझ्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन या लिनक्स प्रणालीची 11 वी आवृत्ती, म्हणजे बुल्सआय, चालू होती. त्याची नेहमीची सुरक्षा-देखभाल ऑगस्ट 2024 मध्ये संपली, तेव्हा बुकवर्मवर, म्हणजे डेबियन 12 वर, जाण्याचे काम मी आणखी लांबवले नाही. बॅकअप घेतला, सोर्सेसच्या, म्हणजे पॅकेजेस कुठून आणायची ते सांगणाऱ्या, यादीत बुल्सआयच्या जागी बुकवर्म लिहिले आणि ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा नवा विभागही जोडला. वायफायसारख्या उपकरणांचे फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) बुकवर्मपासून या स्वतंत्र विभागात ठेवलेले असल्यामुळे तो विसरला, तर बाकी सगळे नवे होऊनही फर्मवेअर जुनेच राहते. डेबियनच्या प्रकाशन-टिपांत सांगितल्याप्रमाणे आधी नवी पॅकेजेस न घेता होणारे अपग्रेड केले आणि मग ॲप्ट या पॅकेज सांभाळणाऱ्या साधनाची ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ ही आज्ञा दिली. बरीचशी पॅकेजेस बसली आणि मग काम थांबले.

पडद्यावरची शेवटची ओळ एवढेच सांगत होती की डीपीकेजी (ॲप्टच्या हाताखाली पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारे साधन) या उपप्रक्रियेने 1 हा त्रुटी-क्रमांक परत दिला. ही ओळ शोधयंत्रात टाकली की शेकडो उपाय सापडतात आणि त्यांतले बहुतेक दुसऱ्याच कोणत्या तरी आजारावरचे असतात, कारण डीपीकेजीचे काम कोणत्याही कारणाने अडले तरी ॲप्ट शेवटी हेच वाक्य छापते. खरे कारण त्याच्या वर असते. मी टर्मिनल वर सरकवत गेलो, तेव्हा साधारण चाळीस ओळींच्या वर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, म्हणजे जागा उरली नाही, हे शब्द दिसले. टर्मिनल बंद झाले असते तरी ते हरवले नसते, कारण ॲप्ट आपल्या लॉगच्या फोल्डरात ‘टर्म’ नावाच्या फाइलमध्ये हा सगळा मजकूर लिहून ठेवते. ॲप्टच्या संदेशांचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे आणि मी ते आवडीने वापरतो. फक्त त्रुटीचा शोध घ्यायचा असेल, तेव्हा संदेशांची भाषा ठरवणाऱ्या ‘एलसी-ऑल’ला ‘सी’ ही किंमत देऊन तीच आज्ञा पुन्हा चालवावी, म्हणजे मूळ इंग्रजी शब्द हाती येतात.

इथे डीपीकेजीची कामाची रीत माहीत असणे फार उपयोगी पडते. ते प्रत्येक पॅकेज दोन टप्प्यांत बसवते: आधी फाइली उलगडून जागेवर ठेवते आणि मग पॅकेजसोबत आलेली स्क्रिप्ट चालवून ते कॉन्फिगर करते. कोणते पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे, याची नोंद ते सतत ठेवत असते. ‘डीपीकेजी -एल’ दिल्यावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरे दिसतात. पहिले आपल्याला काय हवे आहे ते सांगते, दुसरे प्रत्यक्षात काय झाले आहे ते सांगते. ‘आय आय’ म्हणजे सर्व ठीक, ‘आय यू’ म्हणजे उलगडले पण कॉन्फिगर व्हायचे आहे, आणि ‘आय एफ’ म्हणजे कॉन्फिगर होता होता अडले. माझ्याकडे ‘आय यू’ची रांगच लागली होती, पण ‘आय एफ’ दोनच होते: 6.1 मालिकेतले नवे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि इनिट-रॅम-एफएसची (यंत्र सुरू होताना कर्नलला लागणारे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूले, असलेल्या फाइलची) साधने. बाकीची पॅकेजे बिघडलेली नव्हती, ती आपली पाळी येण्याची वाट पाहत होती.

डिस्कवर जागा भरपूर होती. भरले होते ते बूटचे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या फाइलींचे, वेगळे पार्टिशन, जे जुन्या इन्स्टॉलरने जेमतेम 236 एमबीचे केले होते. त्यात 5.10 मालिकेतली तीन कर्नले आपापल्या इनिट-रॅम-एफएससह बसलेली होती. शिवाय ही फाइल नव्याने बनवताना जुनी लगेच पुसली जात नाही. नवी प्रत शेजारी पूर्ण लिहून झाली की मगच ती जुनीची जागा घेते, त्यामुळे तेवढा वेळ दोन्हींपुरती जागा लागते.

अशा वेळी ‘लॉक फाइल पुसा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला खरोखर घातक वाटतो. डीपीकेजीचे लॉक म्हणजे ती फाइल नव्हे. चालू प्रक्रियेने त्या फाइलवर कर्नलकडून घेतलेला ताबा म्हणजे लॉक, आणि प्रक्रिया संपली की तो आपोआप सुटतो. म्हणून लॉकची तक्रार येत असेल, तर कोणीतरी, बहुधा पार्श्वभूमीत चालणारे आपोआप अपग्रेड, खरोखरच काम करत असते. फाइल पुसली तर ते थांबत नाही, उलट दोन प्रक्रिया एकाच नोंदवहीत एकाच वेळी लिहू शकतात.

दुरुस्ती मात्र थोडक्यात झाली. ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल कोणते ते पाहिले आणि त्याला हात लावला नाही. उरलेली दोन जुनी कर्नले ॲप्टकडून काढायला गेलो, तर ते आधी अपुरी अवलंबित्वे (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस) दुरुस्त करायला सांगू लागले, आणि ती दुरुस्ती जागेअभावी होत नव्हती. म्हणून ती दोन पॅकेजेस त्यांची पूर्ण नावे देऊन थेट ‘डीपीकेजी --पर्ज’ने काढली. बूटच्या फोल्डरात जाऊन फाइली हाताने पुसल्या असत्या, तर डीपीकेजीच्या लेखी ती कर्नले जागेवरच राहिली असती. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ दिले, तशी अडलेली पॅकेजेस एकामागून एक मार्गी लागली. त्यानंतर ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ आणि पुन्हा फुल-अपग्रेड. शेवटी अर्धवट राहिलेली पॅकेजेस दाखवणाऱ्या ‘डीपीकेजी --ऑडिट’ने काहीही छापले नाही, तेव्हाच यंत्र रीबूट केले आणि ते 6.1 वर उठले.

इनिट-रॅम-एफएसच्या मांडणीत ‘मॉड्यूल्स’ची किंमत ‘मोस्ट’ऐवजी ‘डेप’ केली, तर फक्त याच यंत्राला लागणारी मॉड्यूले भरली जातात आणि फाइल बरीच लहान होते. मी तो बदल केलेला नाही, कारण हा लॅपटॉप बंद पडला, तर त्याची डिस्क दुसऱ्या यंत्रात लावून चालवण्याची सोय मला हवी आहे. त्याऐवजी आता यंत्रात दोनच कर्नले ठेवतो आणि प्रत्येक अपग्रेडपूर्वी ‘डीएफ’ आज्ञेने बूटची जागा पाहून घेतो.