थरथर सापडली! (तंबोरा + पॅड, तिसरा ट्रॅक)

तंबोरा आणि पॅड (सिंथचा लांब, पार्श्वभूमीला भरून राहणारा सूर) एकत्र वाजवताना येणाऱ्या ज्या थरथरीबद्दल मागच्या वेळी रडगाणं गायलो होतो, ती काल रात्री पावणेदोनला सापडली. तीन आठवडे खाल्ले तिनं.

मांडणी तीच: मिरजेचा तंबोरा, सा काळी एकवर, खाली सर्ज एक्सटी या संगणकातल्या सिंथचा मऊ पॅड. वेगवेगळे ऐकले तर लोणी. एकत्र वाजले की सेकंदाला दोन-तीनदा काहीतरी डुगडुगायचं. आधी पॅडवरचा कोरस (सूर दाट करणारा इफेक्ट) बंद केला. मग रिव्हर्बवर (घुमाऱ्यावर) संशय. मग जुलैची दमट हवा म्हणून तारांचे मणी सरकवत बसलो, जवारीचा (तारेला झणकार देणारा) दोरा तर झिजेपर्यंत हलवला. शेवटी घोडीला चिकटवलेल्या पिएझोची (कंपनं टिपणाऱ्या चकतीची) केबल बदलली. (केबलवाल्याला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या परत घेतो. पिएझोबद्दलचं मत मात्र कायम आहे: जवारी त्यातून नाकात बोलते. भोपळ्यापासून दोन वीत लांब ठेवलेला साधा कंडेन्सर माइक बरा.)

काल वैतागून पॅडचे सूर एकेक करून तपासले. नुसता सा, शांत. सा-प, शांत. गंधार घातला की डुगडुग हजर! ॲनालायझर (आवाजात कोणत्या कंप्रता आहेत ते दाखवणारा) उघडला तर शेजारी-शेजारी दोन टोकं, 346.5 आणि 349.2 हर्ट्झ. कपाळावर हात मारला. पहिला खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार, 69.3 च्या पाचपट. दुसरा पॅडचा कीबोर्डछाप गंधार, 14 सेंट चढा (सेंट म्हणजे कीबोर्डच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). दोन जवळचे सूर एकत्र वाजले की फरकाइतक्या वेळा आवाज सेकंदाला वर-खाली होतो. इथे फरक पावणेतीन हर्ट्झचा, तीच माझी थरथर. ‘तंबोऱ्यात गंधार आपोआप बोलतो’ हे मी येईल त्याला ऐकवत असतो, आणि स्वतःच्याच पॅडमध्ये त्याच्या उरावर दुसरा बसवला.

सर्जमध्ये स्काला फाइल (सुरांची अंतरं ठरवून देणारी) टाकून गंधार सा पासून 386 सेंटवर आणला. पॅड असा विरघळला की तो चालू होता हे फेडर खाली ओढल्यावरच कळलं. चार वेळा खाली-वर केला, उगाच.

पंचम मात्र मुद्दाम 700 वरच ठेवलाय. तंबोऱ्यातल्या पंचमापेक्षा तो दोनच सेंट उतरलेला, त्यामुळे साधारण चार सेकंदांत एक लाट येऊन जाते. एलएफओनं (सिंथमधल्या आवाज हलवणाऱ्या संथ यंत्रणेनं) अशी लाट काढली की पंखा फिरल्यासारखी वाटते.

आणि हे लिहिता लिहिता सुचतंय: पॅडमध्ये गंधार हवाच कशाला? तंबोऱ्याच्या ट्रॅकमधून 346 भोवतीची अरुंद पट्टी कापायची, पॉलस्ट्रेचमध्ये (आवाज लांबवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वीसपट ताणायची. पॅडचा गंधार तंबोऱ्याचाच! म्हणजे कालची फाइल चोवीस तासांत निवृत्त.

राहिली पेटी. तिचा गंधारही कीबोर्डछापच; तिच्या सुरांना स्काला फाइल लावता येत नाही आणि आतल्या पितळी पट्ट्या घासून सूर बदलायची माझी हिंमत नाही. म्हणून चौथ्या ट्रॅकचा यमन रद्द, मेघ घेतो. त्या रागात गंधारच नाही, भांडण मिटलं. माइकमध्ये शिरणाऱ्या पावसाबद्दलही मग तक्रार नाही. आज रात्री फ्रिज बंद करून पहिला टेक.