आमची वाटचाल : गव्हाशिवाय लोशन

फोंड्यातील आमच्या घराच्या मागच्या पडवीत नरकचतुर्दशीसाठी उटणे कुटता कुटता हा व्यवसाय उभा राहिला. सासूबाईंच्या उटण्यात मसूर डाळ, आंबेहळद, कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा आणि अंगाचा मळ निघावा म्हणून चाळलेला गव्हाचा कोंडा असे. कोंड्याबद्दल शंका घेण्याचे कारणच नव्हते. रोज सायकलीचा भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, पोई नावाची जी गव्हाची पोकळ रोटी देतो, तिच्या पाठीलाही तोच कोंडा लागलेला असतो.

भाचीला सीलिॲक, म्हणजे गव्हासारखी धान्ये खाल्ल्याने आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचे निदान झाले आणि दिवाळीच्या आधी धाकट्या बहिणीचा फोन आला. ‘‘ताई, तिच्या ताटातला गहू मी काढला, पण तुझ्या उटण्यातल्या कोंड्याचं काय?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते.

तज्ज्ञ डॉक्टरांनी समजावले ते असे. ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिन असून त्याचा रेणू मोठा असल्याने अखंड त्वचेतून ते शरीरात जात नाही; सीलिॲकमध्ये आतड्याची हानी होते ती ते पोटात गेल्यावर. या आजाराशी जोडलेले, कोपर-गुडघ्यांवर उठणारे खाजरे फोडही खाल्लेल्या ग्लूटेनमुळेच येतात. त्यामुळे खरी काळजी ओठांना लावायच्या मलमाची, हात न धुता जेवायला बसण्याची आणि बोटे तोंडात घालणाऱ्या लहान मुलांची. गव्हाची ॲलर्जी मात्र वेगळी गोष्ट आहे. जपानमध्ये गव्हाचे विघटित प्रथिन असलेल्या एका चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली आणि 2011 मध्ये तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला, हे मी तेव्हाच प्रथम वाचले.

आम्ही कोंडा काढून जाडसर तांदळाचे पीठ घातले आणि आता प्रश्न सुटला असे समजून नमुना प्रयोगशाळेत पाठवला. खाद्यपदार्थावर ग्लूटेन-मुक्त लिहिण्यासाठी भारतात दर किलोस 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठी अशी वेगळी मर्यादा नसल्याने आम्ही स्वतःला तीच लावून घेतली होती. अहवालातला आकडा तिच्या बराच वर होता. पाककृतीत गव्हाचा कणही नसताना तो आला कोठून, हे शोधण्यासाठी मी डाळ घेऊन स्वतः गिरणीत जाऊन उभी राहिले. माझ्या आधी कोणाचे तरी दहा किलो गहू दळून झाले होते. गिरणीवाल्याने पीठ पडते त्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीला काठीचे दोन फटके मारले, पांढरा धुरळा उडाला आणि त्याच बाहीतून आमची डाळ खाली आली. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, गिरणी अशीच चालते. पुढच्याच महिन्यात कर्ज काढून आम्ही स्वतःचे दळणयंत्र घेतले आणि त्यात गहू कधीही घालायचा नाही असे ठरवले.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून परवाना मिळाल्यावर लोशन करायला घेतले. खोबरेल आणि भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, हे आमच्या भागातलेच असल्याने त्यांची चिंता नव्हती. घाम फोडला तो थेंबभर लागणाऱ्या जीवनसत्त्व ‘ई’ने. पुरवठादाराच्या कागदावर केवळ टोकोफेरॉल लिहिलेले असते, आणि ते सोयाबीन किंवा सूर्यफुलापासून निघते तसे गव्हाच्या अंकुरापासूनही. एकाने ‘‘मॅडम, नॅचरल आहे’’ एवढेच सांगितले, जणू गहू कारखान्यात पिकतो. सूर्यफुलाचे असल्याचे लेखी उत्तर दुसऱ्या एका पुरवठादाराकडून मिळेपर्यंत दोन महिने गेले. असा कागद आम्हाला चाचणीइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण विघटित होऊन तुकडे झालेले गव्हाचे प्रथिन नेहमीच्या चाचणीत नीट सापडत नाही.

दुकानात लोशन घेणाऱ्यांनाही आम्ही वेष्टन वाचायला शिकवतो. ‘व्हीट’ हा शब्द दिसला नाही म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. घटकांच्या यादीत गहू ट्रिटिकम व्हल्गेअर, जव होर्डियम व्हल्गेअर आणि राय सेकेल सेरेअले या लॅटिन नावांनी येतात. ज्यांना सीलिॲक किंवा गव्हाची ॲलर्जी नाही, त्यांनी केवळ ग्लूटेन नाही म्हणून आमच्या बाटलीला जास्त पैसे मोजू नयेत, हेही मी सांगते. त्याने त्वचा अधिक उजळत नाही. यामुळे काही गिऱ्हाईक गेले, विशेषतः पर्यटनाच्या हंगामात.

कामाच्या खोलीत पोई आणायला आजही मनाई आहे. दुपारी चहा पडवीत होतो, हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी आत येत नाही, आणि नव्या मुलींना पहिल्या दिवशी हाच नियम सर्वांत विचित्र वाटतो. सध्या ओट्सच्या लोशनची मागणी फार आहे. ओट्समध्ये मुळात गव्हाचे ग्लूटेन नसते, पण शेतात, गाडीत आणि गोदामात त्यात गहू-जव मिसळतात, म्हणजे पुन्हा गिरणीचीच गोष्ट. प्रत्येक पोत्यासोबत तपासणी अहवाल देणारा पुरवठादार अजून मिळालेला नाही, त्यामुळे ते लोशन आम्ही करत नाही.