ताजं सँपल

आषाढातली सकाळ होती. धरणातून पाणी सोडलेलं आणि नाशिकची गंगा, म्हणजे गोदावरी, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढलेली. अशा दिवसांत पंचवटीतल्या आमच्या लॅबमध्ये स्टूलच्या डब्या वाढतात, दरवर्षीचंच आहे.

दिंडोरीकडचा एक मुलगा आईची डबी घेऊन आला. तीन आठवडे आव-रक्त पडत होतं. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात व्रण दिसले होते आणि दुसऱ्या दिवशी स्टिरॉइड सुरू करायचं ठरलं होतं. त्याआधी एकदा शौच तपासा, एवढंच चिठ्ठीवर. सोबत दुसऱ्या एका लॅबचा रिपोर्ट : पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर, अमीबा नाही.

डबी सकाळी सहाची, माझ्या हातात पडली साडेनऊला. स्लाइडवर लाल पेशींचे पुंजके होते आणि मधूनमधून गोल, दाणेदार, निश्चल पेशी, पस सेलपेक्षा मोठ्या. मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्याच जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी, अशाच दिसतात आणि मेलेला अमीबाही असाच गोल होऊन पडतो. पातळ शौचातला अमीबा अर्ध्या तासाच्या आत बघावा लागतो, त्यानंतर उरतो तो अंदाज. अंदाजावर ‘नाही’ लिहायला माझा हात धजेना. व्रण अमीबाचे असतील आणि स्टिरॉइड गेलं, तर आतड्याला भोक पडू शकतं.

“आई कुठंय?”

“बाहेर रिक्षात, मॅडम. तिला चालवत नाही.”

“धरून आत आणा. सँपल इथंच घेऊ.”

मावशी भिंतीला धरत आल्या. “किती वेळा द्यायचं गं बाई?” म्हणाल्या. मी म्हटलं, “मावशी, एवढं एकदाच. मी थांबलेय.” स्लाइडवर सलाइनचा थेंब घालून मी तयारच बसले.

डबी आली ती कोमट होती. रक्त लागलेल्या आवेचाच कण काडीने उचलला, कव्हरस्लिप टाकली, कंडेन्सर खाली घेऊन उजेड मंद केला. दहाच्या लेन्सखाली काही हललं, म्हणून चाळीसची फिरवली.

काचेसारखं स्वच्छ एक बोट पेशीतून झपकन बाहेर आलं आणि मागून सगळा दाणेदार ऐवज त्यात ओतला गेला. पुन्हा बोट, पुन्हा तीच दिशा. कोलाय हा आतड्यातला निरुपद्रवी अमीबा जागच्या जागी आळसावल्यासारखा चुळबुळतो, हा मात्र वाट ठरवून चालला होता. पोटात फिकट हिरवट-पिवळ्या पाच-सहा चकत्या होत्या. शेजारच्या मोकळ्या लाल पेशींशी ताडून पाहिल्या, माप तेच, सातेक मायक्रॉन. लाल पेशी मॅक्रोफेजही गिळते, पण ती अशी चालत नाही. पस सेल्स तर मोजक्याच होत्या. आयोडीनच्या थेंबात एकही सिस्ट, म्हणजे कवचातला निद्रिस्त अमीबा, नव्हती, आणि अशा रक्ताळ शौचात ती क्वचितच मिळते.

एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. चार केंद्रकांची सिस्ट दिसली की सर्रास ‘हिस्टोलिटिका’, म्हणजे आतड्यात व्रण करणारा अमीबा, लिहून टाकतात, ते मला पटत नाही. डिस्पार नावाचा निरुपद्रवी अमीबा हुबेहूब तसाच दिसतो. १९९३ साली दोघांची वेगळी ओळख पक्की झाली. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर दोघांत फरक सांगता येत नाही, लाल पेशी गिळलेला चालता अमीबा दिसला तरच ठामपणे बोलावं. त्या दिवशी तो माझ्यासमोर चालत होता.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमना हाक मारली. त्यांनी मिनिटभर पाहिलं आणि डोळा आयपीसवरून न काढताच म्हणाल्या, “फोन लाव.” चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांशी त्या स्वतः बोलल्या. स्टिरॉइड थांबलं. अमीबा मारणारं मेट्रोनिडाझोल सुरू झालं आणि ते संपल्यावर आतड्यातल्या उरलेल्या सिस्टसाठी डायलोक्झानाइड.

मी परत स्लाइडकडे वळले. काच गार होत आली होती. बोटं आखूड झाली, मग येईनाशी झाली, आणि थोड्या वेळाने तिथे एक गोल, दाणेदार, निश्चल पेशी उरली, सकाळच्या डबीत होती तशीच. शिकाऊ मुलीला बोलावून मी ती दाखवली.

महिन्याभराने मावशी तपासणीला आल्या, वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा. तिन्ही स्लाइड मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिल्या. काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या रिक्षा न करता स्टँडवरून चालत आल्या होत्या.