सोयाबीन थोडं थांबून का विकत नाही?

पुण्यातली भावंडं विचारतात, बँकेतल्या ओळखीच्या बाई विचारतात, एकदा एसटीत शेजारी बसलेल्या काकांनीही विचारलं. "सुगीत सगळे एकदम विकायला काढतात म्हणून भाव पडतो. मग दोन-चार महिने थांबत का नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमचं रान औसा तालुक्यात, लातूरकडं. चार एकर सोयाबीन असतं.

हे पीक मुळात थांबूच देत नाही. पेरल्यापासून शंभरेक दिवसांत पानं झडतात, आणि रानातून चालताना पायाशी खुळखुळा वाजावा तशा शेंगा वाजायला लागल्या की काढणीला आलं. मग ऊन तापलं तर शेंगा तडकून दाणे मातीत. पावसानं गाठलं तर शेंगेतच कोंब. सगळ्या शिवाराची काढणी एकाच आठवड्यात येते. गुत्त्यानं, म्हणजे एकरी ठराविक पैशांवर, काढणाऱ्या टोळ्यांच्या मागं फिरावं लागतं, त्यांना रोख द्यावे लागतात, मळणीयंत्रवाल्यालाही रोखच.

एका वर्षी काढून बनीम लावली, म्हणजे मळणीपर्यंत पिकाचा ढीग रचला, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. रात्री वाऱ्यानं एक टोक उडालं आणि पहाटेपर्यंत पाऊस लागला. पुढं चार दिवस आभाळ फाटलेलंच. पाचव्या दिवशी बनिमीत हात घातला तर आत ऊब, भाकरीच्या टोपल्यात हात घालावा तशी, आणि आंबूस वास. मळल्यावर दाणा काळपट निघाला. सासूबाई कुणाशी न बोलता राशीपाशी बसून राहिल्या. त्याच सासूबाई चांगल्या वर्षी पिवळीधमक रास पडली की नारळ फोडतात आणि पहिलं सूप भरताना कुणाला मध्ये बोलू देत नाहीत. ही दोन्ही वर्षं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आता पैशाचं. बी-खताची उधारी जूनपासून दुकानात लिहिलेली असते. तीही थोडी थांबवता येते. पण हरभरा थांबत नाही. जमिनीतली ओल उडायच्या आत तो पेरावा लागतो, आणि त्याचं बियाणं, पेरणीचं भाडं सोयाबीन विकून हाती येणाऱ्या पट्टीतूनच येतं. म्हणून काढणी झाली की आठवड्यात कट्टे, म्हणजे भरलेली पोती, बाजारातल्या आडतीवर विकायला जातात. तिथं मूठभर दाणे यंत्रात टाकून ओलावा बघतात. १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात. घरी ठेवून वाळवावं तर वजन घटतं. १४ टक्के ओलाव्याचा क्विंटल १० टक्क्यांवर आला की जवळजवळ साडेचार किलो कमी भरतो. थांबण्याचा हिशोब करताना हे कुणी धरत नाही.

आणि थांबूनही बघितलंय. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला होता, तेव्हा घरात दाणा नव्हता. आमचा माल निघेस्तोवर तो निम्म्यावर आला. त्या वर्षी ज्यांनी धीर धरला त्यांना २०२२ च्या उन्हाळ्यात ७,००० मिळाले. ते बघून पुढच्या हंगामात आम्हीही निम्मा माल ठेवला. भाव उतरतच गेला. २०२४ च्या सुगीत हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात त्याहून कितीतरी कमीनं विकावं लागलं. म्हणून मला राग येतो तो "धीर धरा" या सल्ल्याचा. धीर आमच्याकडं भरपूर आहे. धीर धरायचे ते दिवस पेरणीचे असतात, एवढंच.

एक मात्र आम्ही दरवर्षी थांबवतो, बियाण्याचे कट्टे. ते यंत्र सावकाश चालवून वेगळं मळायचं, कारण सोयाबीनचं साल पातळ, जोराचा मार लागला की उगवण जाते. कट्टे उचलून आपटायचे नाहीत, एकावर एक फार रचायचे नाहीत. मे महिन्यात सासूबाई त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात, रोज पाणी शिंपडतात. आठवड्यानं गोणपाट उलगडून आम्ही दोघी कोंब मोजतो. यंदा ८२ निघाले.